‘कशावरून?’ विचारणं म्हणजे सरांना उलटून बोलणं नव्हे

पत्र :

मॅडम, मी बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) केलंय आणि सध्या इंटर्नशिप चालू आहे. ठाण्याहून रोज ट्रान्स-हार्बरनं नवी मुंबईतल्या कॉलेजच्या ओपीडीत जाते. ‘एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस’ची (ईबीपी, म्हणजे पुराव्यावर आधारलेले उपचार) व्याख्या शेवटच्या वर्षाला पाठ केली, व्हायवात धडाधड सांगितली, मार्कही मिळाले. पण इथे गुडघेदुखीचा कुणीही पेशंट आला की आयएफटी (सौम्य विजेच्या प्रवाहाचं मशीन), मग अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींचं उपचाराचं मशीन, सोनोग्राफी नव्हे), आणि जाताना हातात व्यायामाचा झेरॉक्स कागद. गुडघ्याच्या झिजेला ही मशीनं देऊ नयेत, असं ब्रिटनच्या गाइडलाइनमध्ये वाचलं. सिनियर सरांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, ‘पेपर वाचून पेशंट बरे होत नाहीत. मी वीस वर्षं बरे होताना बघतोय.’ पेशंटही मशीनच मागतात. मग आम्ही शिकलो ते खोटं होतं का? की परीक्षेपुरतंच होतं? मी गप्प बसू की भांडू?
– एक इंटर्न

उत्तर :

शिकलीस ते खोटं नव्हतं. पण ते तुझ्यापर्यंत अर्धंच पोचलंय, आणि तुझ्या सरांपर्यंतही बहुधा उरलेलं अर्धंच.

व्हायवात सांगितलेली ती व्याख्या आता ओपीडीतल्या एखाद्या आजींना कळेल अशी सांगून बघ. माझ्या नौपाड्यातल्या क्लिनिकमध्ये दर वर्षी दोन-तीन विद्यार्थी येऊन बसतात. पहिल्या दिवशी मी त्यांना हेच करायला सांगते, आणि बहुतेकांचं उत्तर एकच येतं : ‘पेपरमध्ये सिद्ध झालंय तेवढंच करायचं.’ मुलं हुशार असतात, ईबीपी महत्त्वाची आहे असं मनापासून म्हणतात. देशोदेशी फिजिओंना आणि विद्यार्थ्यांना विचारून जी पाहणी झाली, तिच्यातही पुन्हापुन्हा हेच दिसलंय. आस्था भरपूर असते. पण वेळ नसतो, स्टॅटिस्टिक्सची धास्ती असते, आणि वाचलेलं समोर बसलेल्या माणसाला कसं लावायचं ते कुणी जवळ बसून दाखवलेलं नसतं.

१९९६ साली डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जेमतेम दोन पानांचा लेख लिहिला. तुझी पाठ केलेली व्याख्या तिथलीच. तो लेख मुळातून वाच, लोकलमध्ये उभ्यानं वाचून होईल. त्यात उपचार करणाऱ्याचा अनुभव आणि बाहेरचा उत्तम पुरावा यांना एकत्र आणायला सांगितलंय. पेशंटची अडचण, त्याचा हक्क, त्याची आवड यांचाही उल्लेख त्यात आहे. इतकंच नाही, अनुभवाची जोड नसेल तर पुराव्याचीच जुलूमशाही होईल आणि पुराव्याची जोड नसेल तर उपचार बघता बघता कालबाह्य होतील, असे दोन्ही इशारे त्यात शेजारीशेजारी आहेत. म्हणजे सरांची वीस वर्षं ईबीपीच्या बाहेर पडलेली नाहीत. ती आतच आहेत. प्रश्न एवढाच, की वीस वर्षं बघितलं म्हणजे नेमकं काय बघितलं?

इथे मला माझी एक गोष्ट सांगायलाच हवी.

प्रॅक्टिस सुरू करून सात-आठ वर्षं झाली होती. क्लिनिकमधलं अल्ट्रासाऊंड तपासायला एक तंत्रज्ञ आला. त्यानं हेड उलटं धरलं, त्यावर पाण्याचे थेंब टाकले आणि मशीन चालू केलं. हेड ठीक असेल तर पाणी थरथरतं. पाणी ढिम्म हललं नाही. दिवा लागत होता, टायमर वाजत होता, पण हेडमधून काहीच बाहेर पडत नव्हतं. कधीपासून, ते त्याला सांगता येईना. आधीच्या तपासणीला आठ महिने होऊन गेले होते. त्या रात्री मी नोंदवही घरी नेली. खांदे, टाचा, कोपरं, गुडघे. एकेका नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं : ‘बरं वाटतंय’, ‘बराच आराम’, ‘आता जिना चढता येतो’. आठ महिन्यांत एकाही पेशंटला मशीन बंद असल्याचा संशय आला नव्हता. मलाही आला नव्हता. आणि मी त्यांच्याकडून त्याचे पैसे घेतले होते. ती रुखरुख अजून गेलेली नाही.

त्या वहीतली माणसं बरी झाली होती, हे खरं. ती कशानं बरी झाली हे मला ठाऊक नव्हतं, हेही खरं. तुझे सर जे बघताहेत ते खोटं नाही. पेशंट खरंच बरे होतात. फक्त श्रेय कुणाला द्यायचं, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

झिजेचा गुडघा रोज सारखा दुखत नाही. गणपतीत दोन दिवस स्वयंपाकघरात उभं राहिलं, लग्नघरात जिने चढउतार झाली, की दुखणं चढतं आणि काही दिवसांनी आपसूक खाली येतं. आपल्याकडे माणूस दवाखान्यात कधी येतो? अगदीच सहन होईना झालं की. कळव्याच्या पुलावरून खाडी बघितली असशील. ऐन भरतीला कुणी काठावर बसून मंत्र म्हणायला लागला, तर पाच-सहा तासांनी पाणी उतरलेलंच दिसेल. मंत्र म्हणणारा लबाड असायची गरज नाही. त्यानं पाणी उतरताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असतं. आपला पेशंट भरतीला येतो आणि दहा सिटिंगनंतर आपण ओहोटी मोजतो. त्यात कुणीतरी रोज दहा मिनिटं आपल्या दुखण्याकडे लक्ष देतंय, हात लावून बघतंय, याचाही आराम मिसळलेला असतो. तो आराम खोटा नाही. पण तो मशीनचा नाही.

म्हणून तुलना लागते. एका गटाला चालू मशीन, दुसऱ्याला बंद मशीन, आणि कुणाला काय मिळालं ते पेशंटलाही माहीत नाही, मोजणाऱ्यालाही नाही. माझ्या बंद हेडनं नकळत जे केलं तेच संशोधक मुद्दाम, पेशंटची संमती घेऊन करतात. २००१ साली रॉबर्टसन आणि बेकर या दोघींनी उपचाराच्या अल्ट्रासाऊंडवरचे १९७५ ते १९९९ या काळातले ३५ इंग्रजी प्रयोग तपासले. त्यातले १० प्रयोगच नीट केलेले निघाले. त्या दहांपैकी २ प्रयोगांत अल्ट्रासाऊंड खोट्या अल्ट्रासाऊंडपेक्षा सरस ठरलं, एक मनगटातल्या दबलेल्या नसेसाठी आणि दुसरा खांद्यात चुना साठण्यासाठी. उरलेल्या ८ प्रयोगांत काही फरक नव्हता. हे होऊन वीस वर्षांहून जास्त काळ गेला. पुढे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१६ साली कंबरदुखीसाठी अल्ट्रासाऊंड, टेन्स (विजेचंच आणखी एक मशीन), आयएफटी, ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणं) देऊ नका म्हणून सांगितलं आणि २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठीही अल्ट्रासाऊंड, आयएफटी, टेन्स, लेझर नको म्हटलं. तू वाचलंस ते हेच असणार.

पण ती ओळ पुढेही वाच. कारण म्हणून त्यांनी ‘फायद्याचा पुरेसा पुरावा नाही’ असं म्हटलंय, अपाय होतो असं म्हटलेलं नाही. मशीन म्हणजे विष नव्हे. माझ्या मते खरा तोटा दुसरीकडे होतो. ऐरोलीहून एक आजी रिक्षा करून येतात, सोबत यायला सुनेला अर्धा दिवस मोडावा लागतो, आणि ओपीडीतली जी वीस मिनिटं वाट्याला येतात ती वायरी लावण्यात आणि जेल पुसण्यात संपतात. व्यायाम उरतो झेरॉक्सवर. आजींच्या मनात पक्कं बसतं की बरं करणारी वस्तू कॉलेजात आहे, घरी नाही. दहा सिटिंग झाली की आजी जातात, तीन महिन्यांनी पुन्हा येतात. मांड्यांची ताकद पहिल्या दिवशी होती तेवढीच.

हे झालं सरांच्या बाजूचं. आता तुझ्या बाजूचं बोलते, आणि जरा जास्तच बोलणार आहे, कारण माझ्या मते तुझ्यासारख्या मनापासून वाचणाऱ्या मुलांची चूक जास्त शिकण्यासारखी असते.

तू गाइडलाइन वाचलीस आणि सरांसमोर ठेवलीस. मशीनच्या जागी आता व्यायाम, असं तुझ्या मनात असणार. बरोबर आहे. पण व्यायामाला तरी तू हाच ‘कशावरून?’ विचारलास का? गुडघ्याच्या झिजेवर व्यायामानं काय होतं, याचा कॉक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा २०१५ साली आला तेव्हा दुखणं १०० पैकी साधारण १२ गुणांनी कमी होतं असं दिसलं होतं. २०२४ साली कितीतरी जास्त प्रयोग घेऊन तो पुन्हा केला, तेव्हा फायदा आधीपेक्षा लहान निघाला. म्हणून व्यायाम सोडायचा का? मी सोडलेला नाही. तो स्वस्त आहे, सुरक्षित आहे, शुगर आणि बीपीलाही उपयोगी पडतो, आणि एकदा शिकला की पेशंटचा होतो. पण ‘व्यायाम करा, गुडघा ठणठणीत होईल’ असं मी आता कुणाला सांगत नाही. आपल्या आवडत्या उपचारालाही तोच प्रश्न विचारला, तरच तो प्रश्न सरांना विचारण्याचा अधिकार राहतो.

दुसरी गोष्ट, पुरावा कुठल्या माणसांवरचा आहे ती. १९९५ साली फिनलंडमधून एक प्रयोग आला होता, मी तो दर वर्षी मुलांना वाचायला लावते. हेलसिंकी शहराच्या नोकरीतल्या १८६ माणसांची कंबर अचानक धरली होती. त्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस झोपून विश्रांती, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम, तिसऱ्याला फक्त एवढंच सांगणं की झेपेल तशी रोजची कामं चालू ठेवा. सगळ्यात लवकर सावरला तो तिसरा गट. विश्रांतीवाले मागे राहिलेच, व्यायामवालेही मागे राहिले. हे वाचून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता हा पेपर घेऊन तुर्भ्याच्या एपीएमसीत जा. १९६९ च्या माथाडी कायद्यानं ज्यांच्या कामाला काही संरक्षण मिळालं, ती माणसं तिथे आजही पाठीवर पोती वाहतात. कोपरखैरणेचा एखादा माथाडी कामगार कंबर धरून तुझ्यासमोर बसला आणि तू त्याला ‘रोजची कामं चालू ठेवा’ म्हणालीस, तर तो उद्या पहाटे पन्नास किलोचं पोतं उचलेल. हेलसिंकीतल्या कर्मचाऱ्याचं ‘रोजचं काम’ आणि याचं ‘रोजचं काम’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘आठ दिवस आराम’ सांगितलंस तरी पंचाईत, कारण काम नाही तर मजुरी नाही, हे त्याचं गणित आहे. मग काय करायचं? पेपरचा गाभा उचलायचा : झोपून राहू नको, हिंडतं-फिरतं राहा, कंबर मोडलेली नाही. बाकीचं त्याच्याशी बोलून ठरवायचं. टोळीत चार दिवस हलकं काम मिळेल का? मुकादमाला सांगता येईल का? गाडी भरण्याऐवजी मोजणीला उभं राहता येईल का? हे प्रश्न कुठल्याही डेटाबेसमध्ये सापडणार नाहीत. ते विचारायला तुझ्या सरांची वीस वर्षं लागतात. या बाबतीत त्यांच्याकडून जितकं उचलता येईल तितकं उचल.

मोजमापाचंही तसंच. गुडघ्यासाठी तुम्ही वोमॅक भरून घेता ना? २४ प्रश्नांची ती यादी एकदा पेशंटच्या नजरेनं वाच. गाडीत बसताना-उतरताना त्रास होतो का, बाथटबमध्ये जाता-येताना होतो का, मोजे घालताना होतो का. मांडी घालून बसण्याचा प्रश्न त्यात नाही. उकिडवं बसण्याचा नाही. आपल्या आजींना देवासमोर पाटावर बसता येत नाही म्हणून रडू येतं, गावच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे म्हणून त्या दोन वर्षं गावाला गेलेल्या नाहीत, आणि आपल्या फॉर्ममध्ये त्याला जागा नाही. मोजे त्या आयुष्यात घालत नाहीत. फॉर्म भर, तो उपयोगाचाच आहे, पण त्याच्या खाली मोकळ्या जागेत एक ओळ आजींच्या शब्दांत लिही. ईबीपीतल्या ‘पेशंटला काय हवं’ या भागाची सुरुवात तिथून होते.

आणि नुसत्या मथळ्यावर कधी जाऊ नकोस. पॅरालिसिसच्या पेशंटला जितक्या लवकर उठवू तितकं चांगलं, असं आम्ही सगळे मानत होतो. ऑस्ट्रेलियातल्या ज्यूली बर्नहार्ट, स्वतः फिजिओथेरपिस्ट, यांनी ते पडताळायचं ठरवलं. पाच देशांतले २१०४ पेशंट, ‘अ‍ॅव्हर्ट’ नावाचा प्रयोग, २०१५ साली निकाल. २४ तासांच्या आत आणि जास्त वेळा उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले पेशंट ४६ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५० टक्के. आपल्याच मताविरुद्ध गेलेला निकाल त्यांनी जसाच्या तसा जगासमोर ठेवला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पण हे ऐकून एका विद्यार्थ्यानं मला विचारलं, ‘मग पेशंटला आठवडाभर झोपवूनच ठेवायचं का?’ त्यानं सारांशाच्या पुढे वाचलं नव्हतं. नेहमीच्या गटातले पेशंटही साधारण २२ तासांत पहिल्यांदा उठले होते, दुसरे साधारण साडेअठरा तासांत. दोन्ही गट लवकरच उठले. प्रश्न किती वेळा आणि किती जोरात, याचा होता.

आता तुमच्या कॉलेजातल्या प्रोजेक्टांबद्दल. हे माझं दुखरं ठिकाण आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. मी आजवर जे प्रोजेक्ट वाचले त्यांत सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक ही : पंधरा पेशंटना अमुक टेक्निक, पंधरांना नेहमीचे व्यायाम. आधी मोजलं, चार आठवड्यांनी मोजलं. अमुक टेक्निकच्या गटात फरक ‘सिग्निफिकंट’. निष्कर्ष : अमुक टेक्निक परिणामकारक. अगं, पण दुसऱ्या गटातही फरक तितकाच आलेला असतो! खाडीचं पाणी दोन्ही काठांवर उतरलंय. एका गटाची सुरुवात आणि शेवट यांची तुलना करून काही सिद्ध होत नाही. दोन गटांमधला फरक बघायचा. तो किती मोठा आहे ते बघायचं, आणि तेवढा फरक माणसाला जाणवतो का तेही बघायचं. दुखणं दहाच्या पट्टीवर साधारण दोन अंकांनी उतरलं तर माणूस ‘हो, फरक पडला’ म्हणतो. ०.४ अंकाचा फरक पी-व्हॅल्यूत, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीच्या आकड्यात, कितीही देखणा दिसला तरी आजींना जिन्यावर तो कळत नाही. तुम्हाला पी-व्हॅल्यू काढायला शिकवतात, हा प्रश्न विचारायला शिकवत नाहीत. स्टॅटिस्टिक्सची भीती वाटते ती बरीचशी त्यामुळे. सूत्रं बाजूला ठेव, हे तीन प्रश्न विचार. निम्मा पेपर तिथेच उलगडतो.

वाचायला पैसे लागतात, ही सबब मी ऐकून घेत नाही. सिडनीहून चालणारा ‘पेड्रो’ डेटाबेस १९९९ पासून फुकट आहे. फक्त फिजिओथेरपीचे प्रयोग, आढावे आणि गाइडलाइन, मिळून ६० हजारांहून जास्त. प्रत्येक प्रयोगाला दहापैकी गुण दिलेले असतात, म्हणजे वाचण्याआधीच अंदाज येतो. व्यायामाच्या प्रयोगाला दहापैकी दहा शोधत बसू नकोस. व्यायाम करून घेणाऱ्यापासून तो काय करून घेतोय हे लपवता येत नाही, तिथले गुण जातातच. ऑस्ट्रेलियाच्या फिजिओथेरपी संघटनेचं ‘जर्नल ऑफ फिजिओथेरपी’ही पूर्ण फुकट आहे. ठाणे ते नेरूळ जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक पेपर होतो. आठवड्याला एक पुरे. पण तो त्या आठवड्यात समोर आलेल्या पेशंटबद्दलचा हवा, जर्नल क्लबसाठी कुणीतरी नेमून दिलेला नव्हे. स्वतःच्या पेशंटसाठी वाचलेलं विसरत नाही.

आता तुझा खरा प्रश्न. गप्प बसू की भांडू?

तू इंटर्न आहेस. सरांनी लिहिलेला उपचार स्वतःच्या मनानं बंद करू नकोस, त्यात पेशंटचीही फरफट होते. आणि चार पेशंट आणि दोन ज्युनियर यांच्यासमोर ‘सर, नाइस म्हणतं की’ असंही पुन्हा म्हणू नकोस. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला असं ऐकताना आपली सगळी वर्षं कुणी पुसून टाकतंय असं वाटतं. त्या रात्री नोंदवही समोर ठेवून मलाही तसंच वाटलं होतं, आणि मला तर कुणी काही बोललंही नव्हतं. ओपीडी संपल्यावर, चहाच्या वेळी, एकटी जा. म्हण, ‘सर, गुडघ्याच्या पुढच्या सहा पेशंटना मशीनच्या आधी पंधरा मिनिटं मी स्वतः उभी राहून व्यायाम करून घेऊ का? मशीन तुम्ही लिहिलंय तसंच लावीन. पहिल्या आणि सहाव्या सिटिंगला मोजून तुम्हाला दाखवते.’ याला नाही म्हणणारा सिनियर मला फार क्वचित भेटलाय. सहा पेशंटवरून काही सिद्ध होणार नाही, हे तुला आता ठाऊक आहे. मोजण्याचा हेतू तो नाहीच. ओपीडीत आजवर ‘बरं वाटतंय’ लिहिलं जात होतं, तिथे एक आकडा लिहिला जायला लागेल, आणि सर तो आकडा बघायला थांबतील. पुढचं बोलणं त्या कागदावरून होऊ दे, तुमच्या दोघांच्या मानापमानावरून नको.

पेशंट मशीन मागतात, ते आपणच शिकवलंय म्हणून मागतात. त्यांच्याशी खोटं बोलू नकोस आणि त्यांना हिणवूही नकोस. मी साधारण असं म्हणते : ‘काकी, मशीननं थोडा वेळ बरं वाटेल, कदाचित नाहीही वाटणार. पण तुम्हाला देवासमोर बसून उठायचंय ना? उठवणार तुमच्या मांड्याच. त्यांच्यापासून सुरुवात करू.’ आणि ‘हाडाला हाड घासतंय’ हे वाक्य तुझ्या तोंडून कधीच जाऊ देऊ नकोस. ते ऐकलेला माणूस पाय उचलायलाच घाबरतो. आपण दिलेलं ते दुखणं कुठल्याच मशीननं जात नाही.

मोजायचं काय, तर तीस सेकंदांची खुर्चीची चाचणी पुरे. हात छातीवर आडवे, तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजायचं. एकदाही जमलं नाही तर शून्य लिहायचं, आणि हातांचा आधार घेऊन किती झालं ते शेजारी वेगळं लिहायचं. सोबत दुखण्याचा दहापैकी आकडा, आणि आजींची ती एक ओळ. खुर्ची मात्र साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची हवी, भिंतीला टेकवलेली, बिनहातांची. ओपीडीतली स्टुलं बहुतेक त्याहून उंच असतात, त्यांच्यावरून कुणीही उठतं. आधी टेप घेऊन वेटिंगमधल्या खुर्च्या मोज, एक निवड, तिच्या पाठीला चिकटपट्टी लावून ठेव, आणि सहाव्या सिटिंगलाही तीच घे.